ठमीची सुई आणि टिपणीस सरांचं सोवळं

पेणमध्ये माधवराव टिपणिसांबद्दल कुणी चांगलं बोलताना दिसलं, तर समजावं की हा माणूस बाहेरगावचा आहे. सर शाळेत शास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे गाईड उघडून वाचून दाखवायचे. मध्येच एखाद्या पोराने शंका विचारली, तर गाईड मिटून आधी त्या पोराची, मग त्याच्या बापाची आणि सरतेशेवटी त्याच्या गावाची अक्कल काढायचे. खाडीकडून, वाशी-वढावकडून चालत येणारी पोरं तर त्यांनी या कामासाठी राखूनच ठेवलेली. "मीठ ओढायला जा," हा त्यांचा ठरलेला आशीर्वाद. त्यातली बरीच पोरं आता धरमतरला बार्जवर नाहीतर कंपनीत शिफ्टला आहेत, सरांपेक्षा मोठी घरं बांधून आहेत, आणि सर रस्त्यात दिसले की गाडीचा हॉर्न उगाच जरा लांबवतात.

निवृत्त झाल्यावर अपमान करायला वर्ग उरला नाही, तेव्हा सरांनी गाव घेतलं. पेपरवाला बिनडोक, नगरपालिका बिनडोक, रिक्षावाले तर जन्मजातच. घरात बायको होती तोवर पहिला मान तिचा. तिने उभ्या संसारात उलट शब्द काढला नाही. तिने एक मांजर पाळलं आणि बोलायचं ते त्याच्याशी बोलत राहिली. पांढरी मांजरी, पाठीवर काळा ठिपका, अंगाने लाडवासारखी, म्हणून नाव ठमी. सर तिला नावाने हाक मारत नसत. "ते जनावर ओट्यावरून उतरव," एवढाच त्यांचा संबंध.

बायको गेली आणि ते जनावर मागे राहिलं. दिवसकार्य उरकताच सरांनी चारचौघांत जाहीर केलं, मांजर देऊन टाकायचंय, कुणी घेऊन जा. शेजारची बाई मोठ्या हौसेने पिशवी घेऊन आली, तर तिला म्हणाले, "तुम्हाला स्वतःची पोरं सांभाळता येत नाहीत, मांजर काय सांभाळणार?" पोस्टातल्या माणसालाही असंच काहीबाही बोलून वाटेला लावलं. मग गावात सांगत फिरले, बघा, एवढं गाव आहे, एका मांजराला घर मिळत नाही. आणि स्वतः हौसाकडून मांदेली घेऊ लागले. आधी आठवड्यातून कधीमधी, मग रोज.

ही हौसा म्हणजे दारावर मासळी घेऊन येणारी बाई. तिचा मोठा मुलगा सरांच्याच हाताखालून नापास होऊन बाहेर पडलेला, त्यामुळे ती सरांना भीत नसे. ठमीला काहीतरी झालंय हे पहिल्यांदा तिने सांगितलं, कारण ती रोज पायरीवर बसून मासे साफ करून द्यायची आणि ठमी रोज समोर असायची.

"मास्तर, तुजी मांजर बादलीतून त्वांड काडत नाय. आलं का पानी पितानाच दिसते."

"उन्हाळा आहे."

"उन्हाला मना पन हाय. मी बसलेय काय बादलीत?"

"तू मासे कर."

"करतेच हाय. पन बग तरी तिच्याकरं. खाते म्हशीवानी नी दिसते सुकटीवानी. पाठीवरचं हार मोजून घे."

सरांनी पाठीवरचं हाड पाहिलं नाही असं नाही. ते त्यांना केव्हाच दिसलं होतं. पण मासेवालीने सांगितल्यावर लगेच डॉक्टरकडे जायचं म्हणजे मासेवालीला कळतं असं झालं असतं. म्हणून ते चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी ठमीने सरांच्या अंथरुणातच घाण केली, तेव्हा त्यांना जाण्यासाठी स्वतःचं असं कारण मिळालं.

पेणमध्ये निशिगंधा नावाची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्याच्या बाकावर शेळ्या, कुत्री, क्वचित कोंबडीसुद्धा असते, आणि त्या सगळ्यांचे मालक आपापल्या जनावरापेक्षा जास्त आवाज करतात. सर तिथे बाजारच्या पिशवीत मांजर घालून गेले. पिशवीतून फक्त डोकं बाहेर. डॉक्टरीणबाईंनी कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब काढला, माणसं वापरतात त्याच यंत्रात घातला आणि आकडा दाखवला.

"साखर आहे. भरपूर आहे."

"मांजराला डायबेटिस?" सर म्हणाले. "मी आयुष्यभर शास्त्र शिकवलंय, बाई."

"मग सोपं जाईल तुम्हाला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यायचं. सुई कशी टोचायची ते दाखवते."

इथे कुणाला वाटेल, की सर बदलले. काही बदलले नाहीत. ज्या माणसाने घरात कधी चहाचा कप विसळला नाही, तो आता मानेची कातडी चिमटीत धरून सुई द्यायला शिकला, एवढं खरं. पण तेही कसं, तर अभिमानाने ओथंबून. तळ्याच्या कट्ट्यावर पेन्शनरांची बैठक असते, तिथे जाऊन इन्सुलिनवर व्याख्यान. ज्यांना स्वतःला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं अशी माणसं तिथे होती. त्यांनाही सरांनी सोडलं नाही. तुम्ही चुकीचं टोचता म्हणून सांगितलं.

एवढं करून ठमी सुधारेना. सुईचं माप वाढवलं, पुन्हा वाढवलं, तरी साखर वरच. वर तिची भूक अशी की ताटली चाटून झाली की ताटलीच ढकलत घरभर फिरायची. रात्रभर ओरडायची. वजन उतरतच होतं. सरांनी निष्कर्ष काढला, की डॉक्टरीण अडाणी आहे, आणि तो तिला तोंडावर ऐकवलाही. निशिगंधा मान खाली घालून ठमीचा गळा चाचपत होती. ती म्हणाली, "हे बघा. इथे बोट ठेवा."

गळ्यापाशी कातडीखाली चवळीच्या दाण्याएवढं काहीतरी सरकलं.

"थायरॉईड. म्हाताऱ्या मांजरांत होतं. तिचं वाढलंय. म्हणून खाऊनही झडतेय, आणि म्हणूनच इन्सुलिन लागू पडत नाहीये. रक्त मुंबईला पाठवते, पण मला खात्री आहे."

"एका रोगाने तुमचं भागलं नाही म्हणून दुसरा काढलात."

"मी काढला नाही, सर. तिच्याकडे आधीपासून होता."

रिपोर्ट तिने म्हटलं तसाच आला. मग गोळी सुरू झाली. आणि गोळी देताना निशिगंधाने सरांना समोर बसवून, शेळी घेऊन आलेल्या माणसाला बाहेर थांबवून, एक गोष्ट नीट सांगितली. थायरॉईड चढलेलं असतं तोवर जास्त इन्सुलिन लागतं. गोळीने थायरॉईड खाली आलं की तेच इन्सुलिन अंगावर येतं. साखर एकदम पडते, मांजर झोकांड्या खातं, झटके येतात, जातंसुद्धा. म्हणून दर आठवड्याला आणायचं. सुईचं माप मी कमी करत जाईन. आणि आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. मला फोन करा.

सर ऐकत होते, म्हणजे बाई बोलायच्या कधी थांबतात याची वाट बघत होते. शाळेत पोरं त्यांचं जसं ऐकायची, तसंच.

गोळी लागली. ठमीचं ओरडणं थांबलं. पाण्याची बादली सुटली. हौसासुद्धा म्हणाली, "आता मांजर दिसते, मास्तर. आदी नुसती मिशी दिसायची." अंग धरायला लागलेलं पाहून सरांनी ठरवलं, की हे आपल्या हाताचं यश आहे. पहिले दोन आठवडे ते दवाखान्यात गेले. निशिगंधाने माप थोडं उतरवलं. तिसऱ्या आठवड्यापासून जाणं बंद. कानाला टोचायचं यंत्र विकत आणलं होतं, ते ठमीने एकदा बोचकारल्यावर कपाटात गेलं. "मांजर बरं झालंय हे मला दिसतंय. त्यासाठी थेंब कशाला बघायला हवा?" गाईडमध्ये उत्तर असताना प्रयोग कशाला, अशी त्यांची सगळी हयात गेली.

तेवढ्यात गणपती आले.

टिपणिसांचा गणपती रोह्याला, म्हणजे आता रोह्यालगतच्या वरशाला, धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये बसतो. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. घरात त्याची बायको अनसूया, मुलगा अंबरीश आणि सून आसावरी. अंबरीश केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, स्वभावाने गरीब. बाप गेल्यावर पूजेला तो बसू लागला होता. यंदा सरांनी फोन करून सांगितलं, घरात मोठा मी आहे, पूजेला मी बसणार. अंबरीश म्हणाला, बसा की, काका. त्याला सुटल्यासारखंच झालं.

आता हे सर म्हणजे देव नाही असं भर वर्गात ठणकावून सांगणारे. फोटोला हार घालणाऱ्या शिपायाला "दगडाला फुलं वाहतोस, अक्कल नाही" म्हणणारे. बायकोने एकदा संकष्टी धरली, तर महिनाभर तिची टिंगल केलेली. पण पाटावर बसायला मिळतंय, वीस माणसं हात जोडून मागे उभी राहणार आहेत आणि आपण म्हणू तेव्हा फूल टाकणार आहेत, हे दिसल्यावर शास्त्र बाजूला राहिलं. त्यांना देव नको होता. त्यांना वर्ग हवा होता.

मूर्ती अर्थातच पेणहून न्यायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अंबरीश गाडी घेऊन आला. सरांच्या मांडीवर रुमाल झाकलेला गणपती आणि पायाशी टोपलीत ठमी. निघताना हौसा दारात उभी होती.

"मास्तर, उंदरावर बसनारा देव नी मांजर एकाच गारीत नेतोस काय? वाटंत भांडनं लागतील."

"तुझी जीभ आवर, हौसा."

"मांजराला खायाला काय न्हेतोस? गनपतीत मासं नाय मिलायचं तिकडं."

सरांनी उत्तर दिलं नाही. उत्तर कपाटात होतं. डॉक्टरणीने दिलेली ओल्या खाण्याची पाकिटं, त्यांच्यावर बांगड्याचं चित्र. ती पाकिटं सरांनी पिशवीत घातली होती आणि पुन्हा काढून ठेवली होती. पूजेला बसणाऱ्या माणसाच्या पिशवीत बांगडा निघाला, तर वरशाची माणसं काय म्हणतील? देव काय म्हणेल याची त्यांना फिकीर नव्हती. वरशाची माणसं. पाच दिवस दूधभात खाल्ला तर जनावर मरत नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि नागोठण्यापर्यंत अंबरीशला खड्डे कसे चुकवायचे ते शिकवत राहिले.

वरशाला रात्री अनसूयेने ताटलीत दूधभात दिला, वर तूप सोडलं. ठमीने तूप चाटलं, दोन घास खाल्ले, भात तसाच ठेवला. अनसूया म्हणाली, "दादा, हिला भात आवडलेला दिसत नाही."

"तुझ्यासारखी चोखंदळ नाही ती. भूक लागली की खाईल."

अनसूयेला स्वतःला साखरेचा त्रास आहे, जुना. सर त्यावरून तिला बोलायची संधी सोडत नाहीत. जिभेवर ताबा नाही, पोटावर ताबा नाही, म्हणून हे दुखणं, असं ते तिच्या नवऱ्यासमोर, सुनेसमोर, तिने स्वतः केलेले मोदक खाता खाता म्हणत आलेत. तिने त्यावर उत्तर दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. टिपणिसांच्या घरात बायकांना उत्तर न देण्याचं वळणच पडलेलं.

सकाळी सरांची अडचण अशी झाली, की सोवळं एकदा नेसलं की मांजराला शिवता येणार नाही. आंघोळीनंतर रेशमी कद नेसायचा, मग मूर्तीची प्रतिष्ठापना, मग षोडशोपचार, मग आरती. हे दुपारपर्यंत चालणार. म्हणून त्यांनी सुईचं काम आंघोळीच्या आधी उरकलं. ठमीची ताटली भरलेली होती, कालचाच भात बदलून नवा घातलेला. ठमीने तो नुसता हुंगला. सरांनी चिमटीत मान धरली, पेणला देत होते तेवढंच माप, आणि दिली टोचून. "आता झक मारत खाईल," म्हणाले आणि न्हाणीघरात गेले.

ज्या गोष्टीसाठी एका बाईने शेळीवाल्याला बाहेर उभं केलं होतं, ती गोष्ट या माणसाने सोवळ्यासाठी उलटी केली. इन्सुलिन आत, पोट रिकामं, आणि हात आता देवाचे.

भटजी मिळाले नव्हते. गणपतीत भटजी मिळत नाहीत, मोबाईल मिळतो. अंबरीशने मोबाईल पाटाशेजारी टेकवला, त्यातले गुरुजी मंत्र म्हणू लागले, आणि सर लाल कदात, उघड्या अंगाने, त्या गुरुजींच्याही पुढे धावत चुका काढू लागले. हॉल भरला होता. मजल्यावरची माणसं, आसावरीच्या माहेरची माणसं. सरांचा चेहरा असा फुललेला, की ज्यांनी शाळेत त्यांचा मार खाल्ला त्यांनाही ओळखू आला नसता.

मध्येच आसावरी आतून आली आणि वाकून हळू म्हणाली, "काका, ठमीने भाताला तोंड लावलं नाही हो. पलंगाखाली बसलीय, हाक मारली तर बघत पण नाही."

सरांनी डोळे वटारले आणि डाव्या हाताने तिला जा म्हणून खूण केली. पूजेत बोलायचं नसतं.

थोड्या वेळाने ठमी आपण होऊन आली. मागचे पाय तिचे तिलाच सापडत नव्हते. ती भिंतीला घासत घासत हॉलमध्ये आली, माणसांच्या पायांतून वाट काढत मखराकडे गेली, आणि थर्मोकोलच्या खांबाला धडकून आडवी झाली. तोंडातून लाळ. एक पाय हवेत सायकल मारल्यासारखा.

"अगं बाई, मांजर आत आलं," आसावरीची आई म्हणाली. "पूजेत आडवं आलं. बाहेर काढा कुणीतरी."

कुणी हात लावेना. सर पाटावरून म्हणाले, "काही झालेलं नाही. भुकेचं सोंग आहे. अंबरीश, उचल आणि आत कोंड." पण आवाज नेहमीचा नव्हता. वर्गात पोर बेशुद्ध पडल्यावर मास्तरचा निघतो तसा आवाज होता.

अनसूया मोदकांचं पातेलं टाकून बाहेर आली. तिने ठमीकडे एकदा पाहिलं, आणि लुगड्याचा पदर खोचत सरळ खाली बसली.

"साखर पडलीय हिची."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"माझी पडते ना, दादा. अशीच. हात कापतात, डोळ्यांपुढे काही राहत नाही, माणसं बोलतात ते लांबून आल्यासारखं वाटतं. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" तिने हात पुढे केला. पूजेच्या ताटात पंचामृतासाठी मधाची वाटी होती. ती तिने उचलली.

सर अर्धे उठले. "ते देवाला दाखवायचंय अजून."

"थांबेल देव."

"आणि मध? डायबेटिस आहे तिला. मध देतेस? मारतेस काय माझ्या मांजरीला?"

माझ्या. हा शब्द त्या माणसाच्या तोंडून त्या मांजरीसाठी पहिल्यांदा निघाला, आणि तोही तिला वाचवणाऱ्या बाईचा हात धरताना. खरंच धरला त्यांनी हात. सोवळ्यात, वीस माणसांसमोर, भावजयीचं मनगट. मध जमिनीवर सांडला. मोबाईलमधले गुरुजी अर्घ्यं समर्पयामि म्हणत होते.

अनसूयेने मनगट सोडवून घेतलं. मग ती बोलली. आवाज चढवला नाही, पण दारात चपला काढणाऱ्यांनाही ऐकू गेलं.

"माझ्या नवऱ्याने तुमचं ऐकलं. तुमच्या बायकोने ऐकलं. ती तर ऐकता ऐकता गेली. या मुक्या जिवाने तरी काय पाप केलंय? हात बाजूला घ्या. डॉक्टरला फोन लाव रे अंबरीश, आणि स्पीकरवर टाक."

अंबरीशने मोबाईल उचलला आणि ठमीच्या औषधाच्या खोक्यावर लिहिलेला नंबर फिरवला. गुरुजी बंद झाले. अनसूयेने बोटावर उरलेला मध घेऊन ठमीच्या हिरड्यांवर चोळला, घशात ओतला नाही, नुसता चोळला, पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. पलीकडून निशिगंधाचा आवाज आला. तिच्याही घरी गणपती असावा, मागे झांजा वाजत होत्या.

"मध लावताय? बरोबर आहे. लावत राहा. सुई कधी दिली?"

सगळे सरांकडे बघत होते.

"सकाळी," सर म्हणाले.

"खाऊन?"

सर पाटावर उभे होते. उघड्या अंगावर जानवं आणि घाम. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ते त्यांना देता येईना.

"न खाता दिलीय," अनसूया म्हणाली.

"माप?"

"पूर्वीचंच," सर म्हणाले. हे मात्र त्यांनी स्वतः सांगितलं. त्याबद्दल त्यांना कुणी मोठं समजू नये. वीस माणसं बघत असताना दुसरं काही सांगायची सोय नव्हती.

मग निशिगंधा म्हणाली, "ती शुद्धीवर आली की लगेच खायला घाला. भात नको. मासे, चिकन, जे ती झडप घालून खाईल ते. थोडं थोडं, सारखं. सोडून जाऊ नका, साखर पुन्हा पडू शकते. आजची पुढची सुई द्यायची नाही. अजिबात. उद्या इकडे घेऊन या. झटके थांबले नाहीत तर आत्ताच निघा."

झटके थांबले. ठमीने मान उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि अनसूयेचं बोट चावायला घेतलं.

आता प्रश्न मासळीचा. गणपती मखरात. सबंध बिल्डिंगमध्ये त्या दिवशी बोंबलाचा काटासुद्धा नव्हता. अंबरीश घुटमळला, मग आईकडे न बघता म्हणाला, "सुकट आहे. डिकीत."

त्या घरात ही जुनी रीत आहे. देव यायच्या आदल्या दिवशी सुकटीचा डबा घराबाहेर जातो. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, म्हणून अंबरीशच्या स्कूटरच्या डिकीत पाच दिवस मुक्कामाला. असे डबे त्या पार्किंगमधल्या निम्म्याअधिक डिक्यांत असावेत.

"जा, पाण्यातून दोनदा काढून मऊ करून घाल," अनसूया आसावरीला म्हणाली. "पण वर आणू नको. खाली खाऊ दे."

पण ठमी परक्या हातून घास घेत नाही हे घरातल्यांना माहीत होतं. भरवायला सरच हवे होते. आणि सुकटीला हात लावला की सोवळं गेलं, पूजा गेली, पाट गेला. पूजा अर्ध्यावर होती. वीस माणसं हातात अक्षता घेऊन उभी.

सरांनी पाटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, हे सांगायला हवं. अनसूयेने टोपलीत घातलेलं मांजर धापा टाकत होतं आणि हा माणूस पाटाकडे बघत होता. मग त्यांनी टोपली उचलली, आणि कद नेसलेले, अनवाणी, जिन्याने खाली गेले.

अंबरीश पाटावर बसला. त्याने गुरुजींना पुन्हा चालू केलं.

खाली पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मध्ये सर फरशीवर बसले. आसावरीने भिजवलेली सुकट वाटीत आणून ठेवली. ठमी खाऊ लागली, आणि ती अशी खात होती की सरांच्या बोटांना दात लागत होते, तरी ते हात काढत नव्हते. उशिरा आरतीला येणारी माणसं जिन्यापाशी थबकत होती. टिपणीस सर, लाल कद, उघडं अंग, हाताला सुकटीचा वास. एकाने विचारलं, "काय झालं हो?" सर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? वर जा." तेवढं अजून शिल्लक होतं.

वरून आरती सुरू झाली. अंबरीशने दुसऱ्या कडव्यात शब्द खाल्ला. सर खालून पुटपुटले, "गाढव." पण उठले नाहीत.

आरती संपल्यावर अनसूया जिना उतरून आली. हातात पाण्याचा तांब्या आणि सरांचा सदरा. "आंघोळ करून वर या," म्हणाली. "जेवायला बसतायत सगळे. तिला मी बघते."

"डॉक्टरीण म्हणाली ना, सोडून जाऊ नका."

"मी आहे की."

"तुझ्याकडून खाणार नाही ती."

अनसूया पायरीवर बसली. सरांनी सदरा अंगात घातला, बटणं लावायला विसरले. ठमी आता वाटीशेजारी बसून मिशा साफ करत होती, मधूनच थांबत होती, जणू आपण कुठे आहोत ते आठवत नव्हतं. सरांचं सगळं लक्ष तिच्या मागच्या पायांवर. मग अनसूयेकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"असं झाल्यावर, म्हणजे शुद्धीवर आल्यावर, तुला काय होतं गो?"

चाळीस वर्षांत या माणसाने आपल्याला काही विचारल्याचं अनसूयेला आठवेना. तिने सरांकडे पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर काही विरघळलं नाही. विरघळावं असं त्या प्रश्नात काही नव्हतंही. मांजरीसाठी विचारत होते, तिच्यासाठी नाही.

"भूक लागते," ती म्हणाली. "खूप भूक लागते. आणि समोर जो असेल त्याचा राग येतो."

सरांनी वाटीतली उरलेली सुकट बोटांनी निपटून पुन्हा पुढे केली. ठमीने ती खाल्ली, आणि मग त्यांच्या हातावर पंजा मारला, नखं काढून.

"येऊ दे राग," सर म्हणाले, आणि आणखी सुकटीसाठी अनसूयेपुढे रिकामी वाटी धरली.